पडद्यावरची ती (लेखांक ६) : राजकन्या किती बोलते?

डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट १९३७ सालचा ‘स्नो व्हाइट’. मराठी मुले त्याची नायिका हिमगौरी म्हणून ओळखतात. ती बुटक्यांचे घर झाडते, रांधते आणि राजपुत्राची वाट पाहते. ‘सिंड्रेला’ (१९५०) आणि ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) याच वळणाचे. त्यातली अरोरा तर स्वतःच्याच चित्रपटात जेमतेम अठरा मिनिटे दिसते.

१९८९ मध्ये ‘द लिटल मर्मेड’ आला. त्यातली एरिअल बापाचा शब्द मोडते, बुडत्या राजपुत्राला वाचवते. तिच्यापासून राजकन्या बदलली, असे सर्रास मानले जाते. कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहॉवर या भाषा-अभ्यासकांनी २०१६ मध्ये पुढे आणलेली संवादांची मोजदाद मात्र वेगळेच सांगते. ‘स्लीपिंग ब्यूटी’त ७१ टक्के संवाद स्त्रियांच्या तोंडी होते, ‘लिटल मर्मेड’मध्ये ६८ टक्के पुरुषांच्या तोंडी गेले, ‘अलादीन’मध्ये (१९९२) तब्बल ९०. चीनला युद्ध जिंकून देणाऱ्या मुलानच्या चित्रपटातही (१९९८) पुरुषांचा वाटा ७७ टक्के.

एरिअल आपला आवाज चेटकिणीला देऊन बसते, एवढेच याचे कारण नव्हे. खरे कारण नायिकेच्या आजूबाजूला आहे. अरोराभोवती तीन पऱ्या होत्या आणि खलनायिकाही बाईच. एरिअलचे सोबती पाहावेत: खेकडा, मासा, समुद्रपक्षी, तिघेही पुरुष. पुढच्या चित्रपटांतले पहारेकरी, दुकानदार, सल्लागारही बहुतेक पुरुषच. नायिका धीट झाली, पण मैत्रिणींविना एकटी पडली. आणि ही उणीव तिच्या धिटाईच्या कौतुकात झाकली गेली.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने या साऱ्या नायिकांना ‘डिस्ने प्रिन्सेस’ या एका नावाखाली आणले. झगे, बाहुल्या, दप्तरे, डबे यांवर त्या झळकू लागल्या. चित्रपट दीड तासात संपतो, दप्तर वर्षभर पाठीवर असते. आणि दप्तरावरची राजकन्या बोलत नाही, नुसती दिसते. ‘ब्रेव्ह’मधली (२०१२) मेरिडा ही विस्कटलेल्या लाल केसांची, लग्नाला नकार देणारी तिरंदाज. २०१३ मध्ये तिला या मालिकेत घेताना चित्रात कंबर बारीक झाली, गळा खाली आला, धनुष्य गायब झाले. तिची निर्माती आणि दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनी जाहीर निषेध केला. विरोधाच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या.

मुलींवर परिणाम किती होतो, याचे उत्तर सरळ नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी १९८ बालकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. राजकन्यांच्या चित्रपट-खेळण्यांत अधिक रमणारी मुले वर्षभरानंतर ठरीव ‘बायकी’ वागण्याकडे अधिक झुकलेली आढळली, आणि मुलगेही याला अपवाद नव्हते. त्याच बालकांकडे संशोधक पाच वर्षांनी पुन्हा वळले. २०२१ मध्ये आलेले निष्कर्ष उलट दिशेचे होते: लहानपणी राजकन्यांत रमलेल्या मुलामुलींचे स्त्री-पुरुषांविषयीचे विचार तुलनेने अधिक मोकळे निघाले.