गोळ्याची सावली आणि सिमेट्रीचे तुकडे

आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. वाचताना डोळ्यांसमोर फक्त एक गोळा ठेवा. आजचा सगळा विषय त्याच्या सावलीत आहे.

बारावीच्या केमिस्ट्रीत पाठ केलेलं आठवतंय? एस ऑर्बिटल १, पी ३, डी ५, एफ ७. मोकळ्या अणूला सगळ्या दिशा सारख्या. कसाही फिरवा, नियम तेच. या सगळ्या फिरवण्यांचा मिळून एक ग्रुप होतो. अणू फिरवला की पाच डी ऑर्बिटल्स एकमेकांत मिसळतात, पण त्या पाचांच्या बाहेर जात नाहीत, आणि त्यांच्यातून लहान गट वेगळा काढता येत नाही. हे झालं अविभाज्य रिप्रेझेंटेशन.

आता हाच अणू चुंबकीय क्षेत्रात ठेवा. एक दिशा खास झाली. आता फक्त त्या अक्षाभोवती फिरवलं तरच नियम तसेच राहतात. मोठा ग्रुप गेला, सबग्रुप उरला. स्पिन बाजूला ठेवला, तर एकसंध पाचांचे पाच सुटे तुकडे होतात: -२, -१, ०, १, २. पीटर झेमान यांनी १८९६ साली चुंबकाचा वर्णपटावर जो परिणाम पाहिला, त्याच्या मुळाशी हीच फाटाफूट आहे.

तर प्रश्न असा: मोठ्या ग्रुपचं रिप्रेझेंटेशन सबग्रुपसाठी कोणत्या तुकड्यांत फुटतं, आणि प्रत्येक तुकडा किती वेळा येतो? रिडक्टिव्ह ग्रुप्समध्ये एक सोय असते. तुकडे पूर्ण सुटे होतात, अर्धवट चिकटलेलं काही उरत नाही.

इंजिनियर म्हणून माझा पहिला विचार काय? लूप लिहा आणि मोजा. पण ग्रुप मोठा झाला की डायमेन्शन इतकी वाढतात की लूप संपायचं नावच घेत नाही. इथे भूमिती मदतीला येते.

अलेक्झांडर किरिलॉव्ह यांच्या १९६२ च्या कामातून आलेली कल्पना अशी: अविभाज्य रिप्रेझेंटेशनला एक आकार जोडा. फिरवण्याच्या ग्रुपसाठी हा आकार म्हणजे गोळ्याचा पृष्ठभाग. डी ऑर्बिटलसाठी त्रिज्या २. आणि सबग्रुपकडे जाणं म्हणजे त्या आकाराची सावली पाडणं! गोळ्याची सावली उभ्या अक्षावर पाडा. ती -२ पासून २ पर्यंत पडते. त्यातले पूर्णांक मोजा: पाच. झालं.

पण प्रत्येक तुकडा एकदाच का? कारण सावली सगळीकडे सारखीच दाट आहे. गोळ्याचे आडवे, सारख्या जाडीचे काप केले, तर प्रत्येक कापाच्या सालीचं क्षेत्रफळ सारखंच भरतं, मग काप मधला असो वा टोकाचा. हे आर्किमिडीजला दोन हजार वर्षांपूर्वीच माहीत होतं.

आणखी एक उदाहरण. दोन गोळे घ्या, त्रिज्या २ आणि १. प्रत्येकावरून एक बाण निवडा आणि बेरीज करा. बेरजेची लांबी १ ते ३ च्या मध्येच असणार. म्हणजे तुकडे १, २, ३. त्यांची डायमेन्शन ३, ५, ७. बेरीज १५, आणि ५ गुणिले ३ सुद्धा १५. हिशोब चोख!

१९८२ मध्ये गिलेमिन आणि स्टर्नबर्ग यांनी ही सावलीची कल्पना खूप व्यापक पातळीवर सिद्ध केली. योग्य प्रकारे पाडलेली सावली बहिर्वक्र असते, म्हणजे मध्ये खड्डा नाही, भोक नाही. सावलीच्या कडा म्हणजे साध्या असमानता. आणि असमानता कॉम्प्युटरला भलत्याच आवडतात.

मात्र एक अडचण आहे. पूर्णांक सावलीत आहे म्हणून तो तुकडा खरंच येईलच, असं नाही. कधी कधी सगळे आकडे काही पटीने वाढवल्यावरच तो दिसतो. दोन मॅट्रिक्स-रिप्रेझेंटेशनच्या गुणाकारात मात्र असा दगाफटका होत नाही, हे नटसन आणि टाओ यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे तिथे ‘हा तुकडा येतो का?’ याचं उत्तर लिनियर प्रोग्रॅमिंगने झटपट मिळतं. ‘किती वेळा येतो?’ हा प्रश्न मात्र तिथेही अवघडच राहतो. हरिहरन नारायणन यांनी २००६ मध्ये दाखवलं की ही मोजणी शार्प-पी-कम्प्लीट आहे.

आता आपल्या धंद्याशी संबंध बघा. शिकागोचे केतन मुळमुळे आणि आयआयटी मुंबईचे मिलिंद सोहोनी यांनी २००१ मध्ये पी विरुद्ध एनपीच्या दिशेने जाणारा एक मार्ग मांडला. सोप्या गणनेशी जोडलेल्या आकारात न येणारा, पण अवघड गणनेच्या आकारात येणारा तुकडा शोधा. सापडला, तर दोन्ही वेगळे हे सिद्ध! पण २०१६ मध्ये ब्युर्गिसर, इकेनमायर आणि पानोव्हा यांनी दाखवलं की मूळ योजनेत नुसतं ‘येतो की नाही’ बघून भागणार नाही. तुकडे किती वेळा येतात, त्या संख्यांची तुलना करावी लागेल.

म्हणजे ‘आहे का’ हे सावलीची कड सांगते, पण ‘किती’ कळायला तिचा दाटपणा मोजावा लागतो. गोळ्याच्या बाबतीत ते आर्किमिडीजने केलं. मोठ्या आकारांचं काम अजून चालू आहे.

शंका असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!