खारपट्टीतील भात आणि जनुकांचे मौन

अलिबाग, पेण, उरण या तालुक्यांच्या खारपट्टीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘खांड पडली’ या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. उधाणाच्या भरतीने बांध फुटतो, खाडीचे पाणी शेतात शिरते आणि हिरवे भात शेंड्याकडून करपू लागते. १९३३ ते १९३९ या काळात चरीचा शेतकरी संप झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या पाठीशी उभे राहिले, तो याच पट्ट्यात. खोती कायद्याने गेली. खारे पाणी मात्र अजून आत येते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे क्षार सोसणारे भाताचे वाण दिले. अशा वाणात एखादे खास जनुक असते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. जनुक असणे पुरत नाही. त्याने केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, हेही ठरावे लागते.

या गप्प बसण्याला शास्त्रज्ञ ‘जीन सायलेन्सिंग’ म्हणतात. १९९० मध्ये पेट्युनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करावा म्हणून रंगाचे जास्तीचे जनुक घातले, तर काही फुले चक्क पांढरी उमलली! कारण पुढे उलगडले. जनुकाचा आदेश संदेशवाहक आरएनएच्या रूपाने निघतो. सुमारे २१ अक्षरांचे लघु-आरएनए त्याला नेमके जुळून चिकटतात आणि तो कापला जातो. जनुक जागेवर असते, पण त्याचा निरोप पोहोचत नाही.

आता खाऱ्या पाण्याकडे येऊ. मुळाभोवती मीठ वाढताच काही सेकंदांत पेशीतील कॅल्शियमची पातळी उसळते. ही पहिली हाक. ती ओळखणारी प्रथिने सोडियम बाहेर टाकणारा पंप सुरू करतात. मागोमाग अॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. हे संकेत केंद्रकापर्यंत जातात आणि कोणते लघु-आरएनए वाढावेत, कोणते घटावेत, हे बदलते. मोहरीच्या कुळातील अरेबिडोप्सिस या लहानशा वनस्पतीत २००६ मध्ये दिसले, की पेशीतील ऑक्सिजनचा दाह वाढला की ‘एमआयआर ३९८’ हा लघु-आरएनए घटतो. त्याने दाबून ठेवलेली, दाह शमवणारी विकरे मग मुक्त होतात. म्हणजे संकट आले की मौन लादले जाते असे नव्हे. पुष्कळदा ते उठवले जाते.

भातातील गोष्ट अधिक बोलकी आहे. ‘एमआयआर ३९३’ हा लघु-आरएनए ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचे संकेत ऐकणाऱ्या प्रथिनांनाच गप्प करतो. येथे संकेत मौन घडवतो, आणि मौन पुढचा संकेत बोथट करते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा लघु-आरएनए मुद्दाम वाढवला, तेव्हा भाताला फुटवे जास्त आले, फुलोराही लवकर आला; पण मीठ आणि दुष्काळ सोसण्याची ताकद घटली. फुटवे मोजून खूश होणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात घ्यावे.

रोपावस्था आणि फुलोरा या दोन वेळी भात मिठाला सर्वांत हळवे असते. खाऱ्या वाफ्यात कोणते रोप तगले आणि कोणाचा दाणा भरला, हे पाहूनच पूर्वी वाण निवडावे लागत. आता त्याच रोपाच्या मुळात, त्याच दिवशी, कोणता लघु-आरएनए किती आहे हेही मोजता येते.