बटण दाबा, काळी एक मिळवा!

सातारा-सांगलीकडे वाद्य म्हटलं की आधी आठवतो मिरजेचा तंबोरा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बाराही सूर खिशात घालून फिरायचे असतील, तर क्रोमॅटिक माउथ ऑर्गनला पर्याय नाही!

१२ छिद्रं, ४८ पत्त्या
प्रत्येक छिद्राला चार पत्त्या. एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास ओढल्यावर. बटण दाबलं की उरलेल्या दोन. एकूण तीन सप्तकं. १६ छिद्रांच्या मॉडेलमध्ये ६४ पत्त्या आणि चार सप्तकं.

दम घेतानाही गाणं
‘सी’ पट्टीच्या वाद्यात सा, ग, प फुंकून वाजतात. रे, म, ध, नी श्वास ओढून. ध आणि नी लागोपाठ ओढायचे असतात, नवशिक्या अडखळतो तो नेमका तिथेच.

बटणाची करामत
बटण सूर अर्ध्याने चढवतं. सा फुंकताना दाबलं की कोमल रे, ग फुंकताना दाबलं की चक्क शुद्ध म! आणि बटण दाबूनच धरलं, तर पांढरी एकचं अख्खं सप्तक काळी एकमध्ये.

बारा सुरांवर भागेना
सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुढे श्रुतींची खास पेटीही तयार झाली. या शोधात त्यांना साथ होती अब्दुल करीम खाँसाहेबांची, जे पुढे मिरजेचेच झाले. पेटी आणि माउथ ऑर्गन एकाच कुळातले: दोन्हीकडे हवेने पत्ती थरथरते. पेटीवर मींड निघत नाही, हा जुना आक्षेप. आकाशवाणीने तर १९४० मध्ये तिच्यावर बंदीच घातली. माउथ ऑर्गनचा सूर मात्र जीभ आणि तोंडाची पोकळी बदलून थोडा वाकवता येतो.

पडद्यामागचे वादक
‘सोलवा साल’मधला (१९५८) माउथ ऑर्गन वाजवला होता पंचमदांनी, म्हणजे राहुलदेव बर्मन यांनी. ‘शोले’त (१९७५) अमिताभच्या ओठांवरचा सूर भानू गुप्तांचा.

आधी चूळ, मग सूर
कंदी पेढा खाऊन वाद्य तोंडाला लावू नका. साखरेने पत्त्या चिकटतात. महाबळेश्वरच्या थंडीत वाजवण्याआधी ते तळहातात धरून कोमट करा, नाहीतर आतले पातळ पडदे ओलाव्याने अडकतात.

घेताना काय पाहाल?
दुहेरी पत्त्यांचा, लांबलचक ‘ट्रेमोलो’ पाहून फसू नका. त्याला बटण नसतं. लाकडी अंगाचा ओलाव्याने फुगू शकतो, म्हणून सुरुवातीला प्लास्टिकचा बरा. बटण अलगद दाबलं जाऊन लगेच परत येतंय ना, तेही बघा. दुकानदाराला एवढंच सांगा: ‘क्रोमॅटिक, बारा छिद्रांचा, सी पट्टीचा.’ आणि रियाज तंबोऱ्यासोबतच करा. सुरात आहात की नाही, ते तो लगेच सांगतो.