वाटाड्या, नकाशा आणि आंब्यावरचा क्रमांक

एप्रिल महिन्यात जामसंड्यात आले की आंब्याशिवाय दुसरा विषय कानावर पडत नाही. कलमांवरून फळ उतरत असते, पेट्या भरल्या जात असतात, संध्याकाळी वाशीच्या बाजाराकडे गाड्या निघत असतात. या नेहमीच्या चित्रात अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे. २०२५ च्या हंगामापासून जामसंडे येथील देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत सुरू केली. कर्नाटकातला आंबा 'देवगड हापूस' म्हणून शहरात खपवला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार. तिच्यावर हा उपाय शोधण्यात आला.

हा उपाय चालतो कसा, ते आधी पाहू. बागायतदाराकडे कलमे किती आणि त्यांना फळ किती धरेल, याच्या अंदाजावरून त्याला तेवढीच स्टिकरे मिळतात. प्रत्येक स्टिकरवर वेगळा क्रमांक असतो. त्याचा एक भाग वर दिसतो आणि दुसरा स्टिकर सोलल्याशिवाय दिसत नाही. गिऱ्हाइकाने फोनवरून स्टिकरचे छायाचित्र संस्थेने दिलेल्या क्रमांकावर पाठवायचे. यंत्र त्याला वरचा क्रमांक सांगते आणि आतला क्रमांक कोणता असायला हवा तेही सांगते. दोन्ही जुळले तर फळ खरे. सोबत बागायतदाराचे नाव आणि गाव कळते. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाला या क्रमांकामुळे हातात धरता येईल असा पुरावा मिळाला.

उपाय चांगला आहे, यात शंका नाही. नावावर होणारी चोरी थांबली पाहिजे. परंतु आपल्यासारख्यांनी अशा यंत्राकडे पाहताना एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे. या नोंदीत कोण आहे आणि कोण नाही? क्रमांक बागेचा मालक सांगतो. कलमावर चढून झेल्याने फळ उतरवणारा, डोक्यावरून करंड्या सड्यापर्यंत आणणारा, फळांची वर्गवारी करून पेटीत पेंढा घालून ती भरणारी बाई, रात्रंदिवस राखण करणारा नेपाळी गडी, यांतले कोणीही त्या क्रमांकामागे नाही. माल मळ्यातून बाजारात कोणाकोणाच्या हातांतून जातो ते दाखवणाऱ्या व्यवस्थेला आज 'पुरवठा साखळी' म्हणतात. या साखळीला आरंभ आहे आणि शेवटही आहे. मधल्या ज्या कड्या माणसांच्या आहेत, त्याच नेमक्या अदृश्य आहेत.

हे आजच घडते आहे असे नाही. वाहतूक, नकाशा आणि मालाची ने-आण या तिन्ही गोष्टी आपल्या समाजाच्या इतिहासाशी फार जवळून बांधलेल्या आहेत. तो इतिहास समजल्याशिवाय नव्या यंत्राचा अर्थ लागणार नाही.

१

यंत्र नव्हते त्या काळी गावाचा नकाशा कोठे होता? तो महाराच्या डोक्यात होता. शिवेचा दगड कोणता, कोणत्या ओढ्याने हद्द फिरली, कोणते झाड तोडले गेले, हे त्याला ठाऊक असे. दोन गावांत हद्दीचा तंटा झाला की त्याची साक्ष निर्णायक ठरे. गावात परका आला की वेसकर त्याची दखल घेई. सरकारी अंमलदाराला पुढच्या गावापर्यंत पोचवणे, त्याचे सामान वाहणे, टपाल नेणे, वसुलाची रक्कम तालुक्याच्या खजिन्यापर्यंत सोबतीने नेणे, मयताची खबर परगावी कळवणे, ही सर्व कामे त्याची. आजच्या भाषेत बोलायचे तर गावाचा नकाशा, गावाची टपालव्यवस्था आणि गावाची मालवाहतूक हा एकच माणूस होता.

एवढे ज्ञान ज्याच्यापाशी, त्याला त्याचा मोबदला काय मिळाला? वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी वंशपरंपरेने बांधून टाकली. हुकूम आला की कुटुंबातल्या कोणाला तरी जावेच लागे, मग तो दिवस पेरणीचा असो की बाळंतपणाचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध. त्या वेळी विधेयक पुढे जाऊ शकले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महार वाट दाखवत होता, पण वाट त्याची नव्हती. सगळ्या गावाची हद्द त्याला तोंडपाठ होती आणि त्याचे स्वतःचे घर मात्र हद्दीबाहेर होते. ज्ञान असणे आणि ज्ञानावर सत्ता असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सत्तेवाचून असलेले ज्ञान शेवटी वेठच ठरते.

२

पुढे इंग्रजांनी हे ज्ञान कागदावर उतरवले. मुंबई इलाख्यात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची नवी पद्धत बसवली. ते आपल्या काळातले तंत्रज्ञच होते. पद्धत साधी. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. शंकू आणि साखळी घेऊन मोजणीदार रानोमाळ फिरला. प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला, प्रत बांधली आणि सारा ठरवला. आजचा सातबारा याच झाडाची फांदी आहे.

मोजणीदाराला हद्दीचे दगड दाखवले कोणी? पूर्वी जो दाखवत होता त्यानेच. कागदावर मात्र मोजणीदाराची सही आली, जमिनीच्या क्रमांकापुढे खातेदाराचे नाव आले. महाराच्या डोक्यातला नकाशा सरकारी दप्तरात गेला. एकदा तो तेथे गेल्यावर त्याच्या साक्षीची किंमत संपली, वेठ तेवढी राहिली.

आपल्या या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात तर आणखी एक भिंत होती. ती खोताची. सरकार आणि कुळ यांच्या मधे खोत उभा होता. सारा तो भरणार, वसूलही तोच करणार. कुळाने जमीन कसावी, भाताचा हिस्सा घालावा, वर वेठही द्यावी. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्यात महार होते तसे कुणबीही होते. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्या लढ्याचा गाभा नोंदीचाच होता. राबणाऱ्याचा राज्याशी थेट संबंध असावा, मध्ये कोणी नसावा, ही ती मागणी.

३

आता आजच्या नकाशाकडे येऊ. आपल्या फोनवर जो नकाशा उमटतो तो चार गोष्टींनी बनतो. आकाशातून घेतलेली छायाचित्रे, सरकारी वा खासगी सर्वेक्षण, रस्त्यावर फिरणाऱ्या लाखो फोनांकडून येणारी जागेची आणि वेगाची माहिती, आणि लोकांनी स्वतः भरलेली नावे. फोन स्वतःची जागा उपग्रहांच्या संकेतांवरून काढतो. अमेरिकेने २००० सालच्या मे महिन्यात नागरी वापराच्या संकेतांतला मुद्दाम ठेवलेला दोष काढून टाकला, तेव्हापासून ही जागा काही मीटरच्या फरकाने कळू लागली. दोन ठिकाणांमधली जवळची वाट कशी काढावी, याचे गणित डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले होते. नकाशा जुना, गणित जुने. ही दोन्ही प्रत्येकाच्या खिशात आली, एवढेच नवे.

ती खिशात आणणाऱ्यांची नावे जगाला माहीत आहेत. रासमुसेन बंधूंच्या छोट्या कंपनीतून गूगलचा नकाशा उभा राहिला आणि २००५ साली लोकांसमोर आला. भारतात राकेश आणि रश्मी वर्मा यांनी १९९५ पासून देशाचे नकाशे संगणकावर आणण्याचे काम केले. ललितेश कटरागड्डा यांनी लोकांनीच नकाशा भरावा असे साधन गूगलमध्ये घडवले. भारतीय अवकाश संस्थेने २००९ मध्ये 'भुवन' आणले. या मंडळींची कर्तबगारी नाकारण्याचे कारण नाही. परंतु नकाशा करणारा नेहमी एक निवड करत असतो. काय दाखवायचे, कोणत्या नावाने दाखवायचे आणि काय सोडायचे, ही ती निवड. देऊळ दिसते, हॉटेल दिसते, आंबा विकणाऱ्याचे दुकान दिसते, कारण ते दिसावे अशी कोणाची तरी इच्छा आणि ऐपत असते. माझ्या पाहण्यातल्या एका वाडीतला बुद्धविहार बरीच वर्षे फोनवरच्या नकाशात नव्हता. आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलाने तो भरला. दहा मिनिटांचे काम होते. ते दुसरे कोणी करणार नव्हते.

नावाचा प्रश्न याहून खोल आहे. कोकणात वाडी जातीच्या नावाने ओळखली जाते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी महारवाडी पुसून बौद्धवाडी हे नाव स्वतः घेतले. ते नाव म्हणजे एक निर्णय होता. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. निर्णय योग्य आहे. पण कागदावरचे नाव बदलले म्हणून बोलण्यातले बदलते असे नाही आणि यंत्रातले तर आपोआप मुळीच बदलत नाही. जुन्या यादीतून उचललेले नाव यंत्र निर्विकारपणे पुन्हा दाखवत राहते. पूर्वी जात कळण्यासाठी गावात येऊन विचारावे लागे. आता पत्त्यावरून ती दूर बसलेल्याला कळते. वस्तू मागवताना, नोकरीचा अर्ज भरताना आपला पोरगा वाडीचे नाव गाळून नुसते गाव लिहितो. तो भित्रा आहे म्हणून नव्हे. पत्ता काय सांगतो ते त्याला ठाऊक आहे म्हणून.

घराखालच्या जमिनीचेही असेच. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाचे नकाशे करून घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जातात. त्याआधीच महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी हा प्रयोग केला होता. योजना उपयुक्त आहे. पण तिचा पाया गावठाण हा आहे आणि कोकणातल्या वाड्या गावठाणात बसत नाहीत, त्या सड्यावर आणि व्हाळाकाठी विखुरलेल्या असतात. कित्येक घरे तर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी आहेत. ड्रोनला छप्पर दिसते. छपराखालच्या माणसाचा हक्क त्याला दिसत नाही. तो कागदावर आधी असावा लागतो.

४

मग यंत्र नको म्हणायचे काय? नाही. रस्ता, एस्. टी. आणि रेल्वे यांनी आपल्याला गावाच्या मुठीतून सोडवले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. १९९० मध्ये कोकण रेल्वेची कंपनी स्थापन झाली आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बांधून २६ जानेवारी १९९८ रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यासाठी राजकीय बळ उभे केले. पुढच्याच वर्षी मालाने भरलेले ट्रक गाडीवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. तीही कल्पक होती. कणकवलीला गाडीत बसलेल्या माणसाला शेजारच्याची जात विचारावी लागत नाही. तिकिटावर ती लिहिलेली नसते. एवढ्यापुरते यंत्र माणसापेक्षा सभ्य आहे.

त्याच रेल्वेच्या बांधकामात अनेक कामगारांचे जीव गेले. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक उभे आहे. याचा अर्थ राबणाऱ्याची नोंद करता येते. ती करायची असे ठरवावे लागते, इतकेच.

माझे वडील हंगामात आंब्याच्या करंड्या वाहत. कोणत्या बागेत किती दिवस भरले याचा हिशेब ते घराच्या कुडावर कोळशाने रेघा ओढून ठेवत. पावसाळ्यापूर्वी आई कूड सारवी आणि हिशेब पुसला जाई. दुसरी वही नव्हती. मजुरीबद्दल वाद झाला तर दाखवण्यासारखे काहीच नसे. आज एका फळाचा हिशेब फळ खाणाऱ्याच्या हातात पोचेपर्यंत ठेवता येतो. मग ते फळ उतरवणाऱ्याचे दिवस का ठेवता येऊ नयेत? अमेरिकेला आंबा पाठवायचा तर बागेची नोंद आधी करावी लागते, फवारणीची वही ठेवावी लागते. परदेशी गिऱ्हाइकाने मागितले म्हणून ती ठेवली गेली. मजुरीची वही कोणी मागितली नाही.

ती आपण मागितली पाहिजे. हंगामी मजुराला भरलेल्या दिवसांची आणि मिळालेल्या मजुरीची चिठ्ठी, झाडावरून पडल्यास विमा, आणि क्रमांकामागच्या माहितीत बागेतल्या कामगारांसाठी एक ओळ, या मागण्या अशक्य नाहीत. ज्या यंत्राने मालकाचे नाव शहरापर्यंत नेले, त्याला आणखी एक ओळ जड नाही. आपल्या वाडीचे नाव काय असावे याचा ठराव ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीत आपणच मांडावा आणि तेच नाव नकाशात भरावे. घराखालच्या जमिनीचे कागद आधी शोधावेत, मग ड्रोनची वाट पाहावी. आणि आपल्या मुलामुलींनी नुसते नकाशा पाहून गाडी चालवायला नव्हे, तर नकाशा करायला शिकावे. भूगोल, गणित आणि संगणक या विषयांकडे आपली मुले अजून भीत भीत पाहतात. ती भीती घालवणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे आणि ते आम्ही पुरेसे केलेले नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना सगळी वाट माहीत होती, पण कोणत्या वाटेने जायचे ते दुसरे ठरवत. आता वाट यंत्राला माहीत आहे. ती ठरवणाऱ्यांत आपण असणार की नाही, हा प्रश्न मात्र जुनाच आहे.