वर सरकलेल्या ओळी

पनवेलहून उरणकडे जाताना जासईत पूर्वी भातखाचरं लागायची, आता कंटेनरच्या थप्प्या लागतात. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, मागोमाग यार्डं आली आणि यार्डांचा हिशेब ठेवायला सर्व्हर आले. त्यांतल्या एका ठिकाणच्या सर्व्हरांशी माझा संबंध टर्मिनलच्या काळ्या खिडकीतूनच येत गेला. एवढ्या वर्षांत मशिनं बदलली, बंदराचं नावसुद्धा बदललं. एक तक्रार मात्र टिकून आहे. ‘‘वर स्क्रोल केलं, तर मगाचं दिसतच नाही.’’

टेलिटाइपच्या काळात ही तक्रार नव्हती. सगळं कागदावर छापलं जाई. मागचं हवं असेल तर कागद ओढायचा. १९७८ च्या व्हीटी-१०० च्या पडद्यावर २४ ओळी मावत, पुढची आली की पहिली कायमची गेली. वर गेलेल्या ओळी सांभाळण्याचं काम नंतर एक्सटर्मसारख्या प्रोग्रामांनी अंगावर घेतलं. (एक्सटर्म १९८४ चं. त्याच वर्षी जानेवारीत इथले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले होते. संगणकाचं कुणाला काय पडलं होतं!) पण आत चालणाऱ्या प्रोग्रामला या साठ्याचा पत्ताच नसतो. तो अजूनही व्हीटी-१०० शी बोलल्यासारखा फक्त समोरच्या पडद्याशी बोलतो. कामाची प्रगती दाखवणारा मजकूर दहा ओळींचा आणि खिडकी सहा ओळींची असली, तर वर गेलेल्या ओळी त्याला पुसता येत नाहीत. मग दर वेळी नवी प्रत मागे साचते, आणि स्क्रोल केल्यावर तेच ते पुन्हा पुन्हा दिसतं.

सुरुवातीला आम्ही सगळे पुट्टी या टर्मिनल प्रोग्रामवर होतो. जुन्या पुट्टीत ठरलेली मर्यादा २०० ओळींची, आणि रात्रीचा बॅकअप तेवढ्या ओळी बघता बघता ओकायचा. मर्यादा वाढवून ते भागलं. पुढे लाइन तुटली तरी काम चालू राहावं म्हणून टीमक्स आलं आणि गोंधळ वाढला. टीमक्सचा साठा वेगळा, २००० ओळींचा. माउसचं चाक फिरवलं की दिसे भलतंच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते प्रॉम्प्टनं, म्हणजे कमांडच्या आधी दिसणाऱ्या खुणेनं. एका नव्या पोरानं हौसेनं प्रॉम्प्ट हिरवा केला. लांब कमांड टाइप केली की ती खालच्या ओळीवर जायच्या ऐवजी त्याच ओळीच्या सुरुवातीवर चढायची. वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली, तर आधीच्या कमांडचे तुकडे तसेच चिकटून राहायचे. रंगाच्या खुणा पडद्यावर जागा घेत नाहीत, हे कमांड वाचणाऱ्या बॅशला सांगावं लागतं. त्यासाठी त्या खुणा चौकोनी कंसांत घालायच्या आणि प्रत्येक कंसाआधी उलटी तिरकी रेघ द्यायची. तसं न केल्यास बॅश त्या खुणा अक्षरं म्हणून मोजतं, आणि ओळ कुठे संपते याचा त्याचा नि टर्मिनलचा हिशेब जुळत नाही. स्क्रोलबॅकच्या, म्हणजे वर गेलेल्या ओळींच्या साठ्याच्या, बहुतेक भानगडी मला शेवटी याच हिशेबाच्या वाटल्या.

काही मात्र भानगडी नव्हत्याच, कुणीतरी ठरवून केलेलं होतं. २०१३ पासून एनकर्सेसची क्लिअर कमांड मागचा साठाही पुसू लागली. तो राखायचा तर पुढे ‘-एक्स’ जोडायचं. २०२० मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स ५.९ मधून कन्सोलचं स्क्रोलबॅक काढूनच टाकलं. त्यात सुरक्षेची भोकं निघत होती आणि ते सांभाळायला कुणी नव्हतं. निर्णय बरोबरच होता. पण सर्व्हरला थेट मॉनिटर जोडून शिफ्ट-पेजअप दाबणाऱ्यांना तो कळला मशिन अपग्रेड झाल्यावर.

त्याआधी, २७ जून २०१७ ला सुरू झालेल्या नॉटपेट्या या संगणकी हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली होती आणि तिच्याशी जोडलेल्या इथल्या बंदरातल्या जीटीआय या कंटेनर टर्मिनलचं काम अडलं होतं. त्यानंतर काय केव्हा झालं याची नोंद मागणारे वाढले. खिडकीचा भरवसा सोडून आम्ही ‘स्क्रिप्ट’ कमांडनं सगळं फाइलीत उतरवू लागलो. त्या फाइलीत रंगांच्या नि कर्सरच्या खुणाही उतरतात, त्यामुळे साध्या एडिटरमध्ये नुसता चिखल दिसतो. ‘लेस -आर’नं उघडली की वाचता येते.

मराठीचं मात्र अजून सुटलेलं नाही. टर्मिनल म्हणजे गणिताची चौकटींची वही. फाइलीच्या नावात ‘प्राप्ती’ आलं, की एक प्रोग्राम काना-वेलांटीला वेगळं घर देतो, दुसरा देत नाही. कर्सर सरकतो, आणि खिडकी लहान-मोठी केली की ओळ भलतीकडेच मोडते. एमएलटर्म जोडाक्षरं बऱ्यापैकी मांडतं, पण ते किती जणांच्या मशिनवर असणार? आम्ही नावं रोमन लिपीतच ठेवतो.