डेन्मार्क देशीं शेतकऱ्यानें काय पाहावें

परदेशचा प्रवास हा आतां केवळ श्रीमंतांचा छंद राहिलेला नाहीं. आपल्याकडील कित्येक शेतकरी कुटुंबांतील मुलें शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं युरोपांत गेलीं आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ आईबापांचेंही तिकडे जाणेंयेणें होऊं लागलें आहे. प्रस्तुत लेखकासही गतवर्षीं ज्येष्ठ महिन्यांत चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं डेन्मार्क देशांत महिनाभर राहण्याचा योग आला. नव्या जालन्यास परत आल्यावर स्नेही मंडळींनीं विचारलें, "काय पाहिलेंत?" त्या प्रश्नाचें उत्तर कास्तकार वाचकांच्याही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

डेन्मार्क देश लहान आहे. क्षेत्रफळ सुमारें ४३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढें. वस्ती ६० लाखांच्या आसपास. ज्येष्ठांत तेथें सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळें पाहणाऱ्यास दिवस पुरतो. हा देश मराठी माणसास अगदींच परका नाहीं. १६२० सालीं डेन लोकांनीं तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडी येथें किल्ला बांधला. पुढें तंजावरास भोसल्यांचें राज्य झालें तेव्हां हे लोक त्यांचे शेजारी होते. १८४५ सालीं त्यांनीं तें ठाणें इंग्रजांस विकलें. अलीकडची गोष्ट म्हणजे १९३८ सालीं होल्क-लार्सन व टुब्रो या दोघां डॅनिश इंजिनियरांनीं मुंबईस काढलेली पेढी. तिचा आरंभींचा एक धंदा डेन्मार्कचीं दुग्धालयाचीं यंत्रें विकण्याचा होता.

राजधानी कोपनहेगनपासून आगगाडीनें पाऊण तासावर हेल्सिंगोर गांव आहे. तेथील क्रोनबोर्ग किल्ला शेक्सपियरच्या 'हॅम्लेट' नाटकाचें स्थळ म्हणून प्रसिद्ध आहे. माझें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेल्यामुळें मला मात्र तेथील जकातीची हकीकत अधिक गोड वाटली. किल्ल्यासमोरील समुद्र इतका अरुंद आहे कीं, पलीकडचा स्वीडन देश नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. येथून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचे राजे १४२९ पासून जकात घेऊं लागले, ती १८५७ पर्यंत चालली. मालाची किंमत जहाजाच्या कप्तानानें स्वतःच सांगावयाची. पण सांगितलेल्या किंमतीस तो माल विकत घेण्याचा हक्क राजानें आपणांकडे ठेवला होता. किंमत कमी सांगावी तर माल जाण्याची भीति, जास्त सांगावी तर जकात जास्त! खोट्या नोंदीस इतका साधा आळा मीं दुसरा पाहिला नाहीं.

जुन्या इतिहासाची आवड असणाऱ्यांनीं रोस्किल्डे येथेंही जावें. सुमारें १०७० सालीं शत्रूची वाट अडविण्यासाठीं खाडींत बुडविलेलीं व्हायकिंग लोकांचीं पांच जहाजें १९६२ सालीं वर काढून तेथें मांडलीं आहेत. तेथील मोठ्या देवळांत डेन राजांच्या समाधि आहेत. परंतु शेतकऱ्याचें तीर्थ याहून वेगळें आहे.

कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनाजवळ भर रस्त्यांत एक दगडी स्तंभ उभा आहे. रोज हजारों लोक त्याजवळून जातात, पण थांबून पाहणारे थोडे. हा स्तंभ कोणा सेनापतीचा नसून कुळांच्या सुटकेचा आहे. १७३३ च्या कायद्यानें जमीनदारीतील पुरुषास ठराविक वय होईपर्यंत आपली जमीनदारी सोडून जाण्याची बंदी होती. तें बंधन १७८८ सालीं तोडण्याचें ठरलें, आणि त्याच्या स्मरणार्थ १७९२ सालीं या स्तंभाची पायाभरणी झाली. राजधानीच्या हमरस्त्यावर कुळाच्या सुटकेचें स्मारक पाहून मीं पागोटें काढून नमस्कार केला.

कूळ सुटलें तरी शेत सुटलेलें नव्हतें. त्या काळीं एकेका शेतकऱ्याची जमीन गांवाच्या शिवारांत अनेक ठिकाणीं पट्ट्यापट्ट्यांनीं विखुरलेली असे. १७८१ च्या हुकुमानें प्रत्येकास आपली जमीन एके ठिकाणीं मागण्याचा अधिकार मिळाला. मग मोजणीदारांनीं नव्यानें वांटे पाडले. कांहीं गांवांत ते मध्यावरून बाहेर चांदणीच्या किरणांसारखे काढले, म्हणजे घर गांवांत राहून शेत दारापासून सुरू होई. इतर ठिकाणीं शेतकऱ्यांनीं घरें मोडून तीं नव्या शेतांत नेऊन बांधलीं. राजधानीच्या उत्तरेस लिंगबी येथें जुनीं शेतघरें देशभरांतून आणून पुन्हां उभीं केलीं आहेत. गोठा, कोठार, चूल, भाकरीची भट्टी, पवनचक्की, सर्व जसेंच्या तसें. तेथें एक सबंध दिवस काढावा.

यापुढील दर्शन दूर पश्चिमेस, जटलंड प्रांतांत आहे. १८७० नंतर अमेरिका व रशियाचा स्वस्त गहू युरोपांत येऊं लागला आणि धान्याचे भाव पडले. डेन शेतकऱ्यानें तेंच धान्य जनावरांस घालून लोणी करण्याचा मार्ग धरला. १८७८ च्या सुमारास दुधांतून मलई काढणारें फिरतें यंत्र निघालें होतें, पण तें एकट्यास परवडेना. तेव्हां १८८२ सालीं येडिंग या खेड्यांतील शेतकऱ्यांनीं मिळून पहिलें सहकारी दुग्धालय काढलें. घरखर्चापुरतें ठेवून बाकीचें सर्व दूध तेथेंच घालण्याचा करार होता. मलई काढलेलें दूध परत मिळे, तें डुकरांस घालीत. पुढें या चळवळींत असा रिवाज पडला कीं, गाई कितीही असोत, मत प्रत्येकास एकच. येडिंगची ती लहानशी इमारत आज संग्रहालय म्हणून राखली आहे. मोठमोठ्या राजवाड्यांपेक्षां मला तिनेंच अधिक वेळ थांबविलें.

यांत सर्वच गोड होतें असें मात्र समजूं नये. गांवचें सामाईक कुरण वांटलें गेल्यानें भूमिहीन मजुरांची गाय चरावयास जागा उरली नाहीं. शिवाय तेथें शेत सामान्यतः एकाच वारसाकडे अखंड जाई व इतरांस पैसा मिळे. आपल्या कायद्यांत भावाबहिणींचा समान हक्क आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून तेथील रीत जशीच्या तशी उचलतां येणार नाहीं.

तथापि एक गोष्ट उचलतां येते. १९४७ च्या कायद्यानें आपल्याकडेही तुकडेबंदी व एकत्रीकरण आलें. पण फोडीचे कागद हाताळतांना मीं जें पाहिलें तें विसरतां येत नाहीं. चार भावांनीं प्रत्येक शेताचे चार पट्टे केले, कोणासच गाडीवाट राहिली नाहीं, आणि विहिरीच्या पाळीवरून बोलणें बंद झालें. जमीन होती तेवढीच राहिली. घर मात्र फुटलें. वांटा समान असावा, पण तो प्रत्येक शेतांतच काढला पाहिजे असें कोठें लिहिलें आहे? एकानें विहिरीकडचें घ्यावें, दुसऱ्यानें रस्त्याकडचें, आणि कमीजास्त भरपाई पैशानें करावी. हें वांटणीपत्र लिहिण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं स्वतः हयात असतांनाच बसून ठरवावें. हें पाहण्यासाठीं समुद्र ओलांडण्याची गरज नाहीं. पण जे ओलांडतील त्यांनीं तो स्तंभ, तीं शेतघरें व तें दुग्धालय पाहिल्याशिवाय परत येऊं नये.