बर्फातले धबधबे आणि बाबा

आई-वडिलांना अमेरिकेला बोलवायचं ते उन्हाळ्यात, असा इथल्या मराठी घरांमधला अलिखित नियम आहे. आमच्याकडे मात्र घरातली लग्नकार्यं आड आली आणि बाबा ऐन डिसेंबरात शिकागोला आले. बेळगावात रोज पहाटे किल्ल्यापर्यंत चालत जाणारा हा माणूस. इथे तीन आठवडे खिडकीपाशी बसून शेजाऱ्यांच्या गाड्या बर्फातून कशा निघतात तेवढंच बघत होता. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. "परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय काय बघ की," असं एका रात्री ते सहज म्हणाले. ते सहज नव्हतं, हे मला कळलं.

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांना स्टार्व्ह्ड रॉकला न्यायचं ठरवलं. ओळखीच्या दोघातिघांनी मला वेड्यात काढलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, उणे नऊ सेल्सियस, वर बर्फातली पायवाट! पण बाबांचे गुडघे ठणठणीत आहेत आणि डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नव्हती. घरात बसण्यानेच ते जास्त खचत होते, असं माझं मत होतं. आजही आहे.

शिकागोपासून दीड तासावर, इलिनॉय नदीच्या काठी हे राज्य उद्यान आहे. आजूबाजूला मक्याची सपाट शेतं, आणि मध्येच जमीन फाटावी तशा अठरा अरुंद घळी. हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्या वितळल्या, त्या पाण्याचे प्रचंड लोंढे या बाजूने वाहिले आणि इथला मऊ वालुकाश्म कापला गेला. नावामागे एक दंतकथा आहे. 1769 मध्ये पॉन्टियाक या आदिवासी प्रमुखाची हत्या झाली. तिचा सूड घ्यायला आलेल्या टोळ्यांनी इलिनिवेक लोकांना नदीकाठच्या या उंच खडकावर कोंडलं आणि ते उपासमारीने मेले, अशी ती गोष्ट. बाबा ऐकून म्हणाले, "म्हणजे किल्ल्याला वेढाच की रे!" मग पायऱ्या चढून त्यांनी वरून नदी, पलीकडचं धरण, सगळं नीट पाहिलं.

तयारीबद्दल थोडं सांगतो, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. सुती कपडा आत नको. घामाने भिजला की वाळत नाही आणि अंग गारठतं. आत पातळ लोकरी, मध्ये जाड, वर वारा अडवणारं जाकीट. मोबाईल आतल्या खिशात, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवायची. बर्फ वरच्या बाजूने धरायला लागतो, त्यामुळे तोंडाकडचं पाणी पातळ राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचे, बुटांवर चढवायचे लोखंडी काटे. ते बांधून घेताना बाबा म्हणाले, "घोड्याला नाल ठोकल्यागत झालं."

पहिली फ्रेंच घळ. आत शिरायची वाट म्हणजे ओढ्याचंच पात्र, आणि ते काचेसारखं गोठलेलं. काटे नसलेली तरुण मंडळी बसून घसरत खाली येत होती. बाबा एक-एक पाऊल रोवत, माझा हात न धरता वर गेले.

खरा धबधबा दिसला तो दुपारी, सेंट लुईस घळीत. पानं झडलेल्या जंगलातून जाणारी वाट शेवटी एका गोल कोनाड्यात संपते. तिन्ही बाजूंना खडकाच्या भिंती आणि समोर वरपासून खालपर्यंत बर्फाचा खांब. कुठे निळसर, तर कुठे मातीतल्या खनिजांनी पिवळट. असा खांब एका रात्रीत होत नाही. आधी कडेची पातळ धार धरते, वरून सुळके लोंबू लागतात, खाली उडणाऱ्या तुषारांचा ढीग वर चढतो, आणि थंडी टिकली तर दोन्ही एकमेकांना भेटतात.

बाबांनी हयातभर पाहिलेला धबधबा म्हणजे गोकाकचा. घटप्रभाही तिथे वालुकाश्मावरूनच उडी घेते, सुमारे 170 फूट. पावसाळ्यात ते तांबडं पाणी लांबूनच ऐकू येतं. इथे सगळं चिडीचूप. बाबांनी कानटोपी वर सरकवली, थोडा वेळ कान दिला आणि म्हणाले, "थांबलंय कुठं? आत चालूच आहे की." खरंच, बर्फाच्या मागून बारीक खळखळ येत होती. या धबधब्याला झऱ्याचं पाणी आहे, ते आतल्या आत वाहत राहतं.

त्यांना त्या पडद्यामागे जायचं होतं. काही जण जातही होते. मी नाही म्हटलं. आत वाहतं पाणी असलेला बर्फ कधी सुटेल याचा नेम नसतो, आणि डोक्यावर माणसाएवढे सुळके लोंबत होते. ते रागावले. "मग आणलंस कशाला?" म्हणाले. मी हललो नाही. तेवढ्यात भिंतीवरचा एक सुळका फटाका फुटावा तसा तडकून खाली आला. आमच्यापासून बराच लांब, पण बाबा मुकाट्याने चार पावलं मागे सरले. थर्मासमधला चहा ओतला, धपाटे काढले. बेळगावहून आणलेला कुंदा इतका कडक झाला होता, की दाढेखाली धरून फोडावा लागला.

वाइल्डकॅट ही मोठी घळ राहिलीच. पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि अंधारात त्या वाटेवर थांबणं शहाणपणाचं नाही. परतताना धरणाजवळ गाडी थांबवली. धरणाखालचं पाणी खळाळतं राहिल्याने तिथे बर्फ धरत नाही, म्हणून हिवाळ्यात टकले गरुड मासे धरायला तिथे जमतात. बाबांनी बोटांवर मोजले. सात भरले. एकाने आमच्यासमोर मासा उचलला, तर दुसरा त्याच्या मागे लागला.

गाडीत बसल्यावर हातमोजे काढत बाबांनी विचारलं, "ती दुसरी घळ, काय नाव म्हणालास? तिथं सकाळी लवकर निघालं तर जमेल काय?" तिकिटाचा विषय त्यांनी मार्चपर्यंत काढला नाही.